पाहुण्याने नको म्हणायचं नसतं

बर दुबई,
१२ नोव्हेंबर १९६८

प्रिय मुनीर,

सलाम आणि पुष्कळ दुआ. शहनाझला आणि माझ्या नातीला, अजरालाही.

हर्णैला असताना शुक्रवारी सकाळी मी तुला मागच्या पायरीवर बसवून नखं कापायची. हात तू मुकाट्याने द्यायचास, पाय मात्र मांडीखाली दडवायचास. अब्बा दुबईहून रजेवर आलेले असले की तुझी बाजू घ्यायचे, "राहू दे गं, पायाची नखं कोण बघतंय?" आज सकाळी काही कारण नसताना हे आठवलं.

इकडे सगळं ठीक आहे. हवा उतरली आहे, रात्री पंखा लागत नाही. रमजान तोंडावर आला, म्हणून तय्यबमामा खाडीपलीकडच्या देऱ्याहून अब्राच्या होडीत बसून तांदळाचं पोतं घेऊन आला आणि जिना चढताना मला शिव्या घालत होता, एकटीला एवढं लागतं कशाला म्हणून. अजराचं पत्र मिळालं. सगळं इंग्रजीत आहे, पण अक्षर इतकं सुरेख की आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर खूश झाल्या असत्या.

तू पाठवलेलं विमानाचं तिकीटही मिळालं.

शेजारच्या हव्वाबीने ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. म्हणाली, "मुलगा अमेरिकेत डाक्टर, नि तू इथे हळदीचा लेप लावून बसतेस? लोकांना काय सांगू मी?" मी म्हटलं, सांग, म्हातारी हट्टी आहे. ती रागावून गेली आणि दुपारी माशाचं कालवण घेऊन आली.

मामाने तुला "लहानशी गाठ" असं कळवलं, त्यात त्याची चूक नाही. मी त्याला तेवढंच सांगितलं होतं. मे महिन्यात लग्नासाठी मुंबईला गेले, तेव्हा तिथल्या मोठ्या इस्पितळातही जाऊन आले. गाठ आता छातीपुरती नाही, मुनीर. काखेत आहे, आणि एक्स-रेच्या फोटोत पाठीच्या मणक्यातही दिसली. तू डॉक्टर आहेस, पुढचं मी लिहायला नको. तिथल्या वयस्कर डॉक्टरांना मी विचारलं, मी तुमची बहीण असते तर? त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, कापता येईल, पण त्याने दुखणं वाढेल, आयुष्य वाढणार नाही. दुखेल तेव्हाचं औषध दिलं. इथले डॉक्टर परेरा तेच देतात.

तू म्हणशील, मुंबईला काय कळतं, आमच्याकडे नवी मशिनं आहेत. मशिनं मी पाहिली आहेत. तिकडे अब्बांना आपण त्या सगळ्यांखालून नेलं होतं.

त्यांचं पहिलं ऑपरेशन झालं तेव्हा तुझ्या मोठ्या साहेबांनी फी घेतली नाही. सहकाऱ्याचे वडील म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनीही घेतली नाही. खाट, रक्त, तपासण्या यांचं बिल मात्र इस्पितळ पाठवत राहिलं, आणि त्यासाठी तू अजून रात्रपाळीची दुसरी नोकरी करतोस, हे शहनाझने मला कळवलं आहे. तिला रागावू नकोस. तिसऱ्या ऑपरेशनच्या आधी साहेब स्वतः खाटेपाशी आले, अब्बांचा हात हातात घेऊन म्हणाले, अजून एक प्रयत्न करून पाहू. अब्बा हसून "येस, येस" म्हणाले. तुला वाटलं, त्यांना जगायची उमेद आहे. तू किती आनंदाने मला ते सांगितलंस.

साहेब गेल्यावर मी त्यांना म्हटलं, तुम्हाला नको असेल तर मी सांगते त्यांना, मला इंग्रजी येतं. त्यांनी मान आडवी हलवली.

"मुलाच्या घरी आलोय मी. त्याची माणसं फुकट राबतात माझ्यासाठी. वाढलेलं पाहुण्याने नको म्हणायचं नसतं. त्याची मान खाली जाईल. तू गप्प राहा."

आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे. यजमान वाढतो आणि पाहुणा पोट फुटलं तरी खातो. तू वाढत होतास, कारण तुला वाटलं त्यांना हवं आहे. ते घेत होते, कारण त्यांना वाटलं तुला द्यायचं आहे. दोघांनी एकमेकांचा मान राखला. शेवटचा पंधरवडा घशात नळी होती, त्यांना पाणीसुद्धा मागता आलं नाही.

हे तुला दोष द्यायला लिहीत नाही. तू चांगला मुलगा होतास, म्हणूनच ते झालं. पण तू आता पुन्हा वाढायला घेतलं आहेस, म्हणून लिहावं लागतं. तिकडे आले की मीही पाहुणी होईन. तुझा चेहरा बघून मीही येस म्हणेन, हे मला पक्कं माहीत आहे. इथे माझ्या घरात मला नको म्हणता येतं.

मोह झाला नाही असं नाही. अब्बा तिथे बर्फाखाली निजले आहेत, शेजारी जागा मिळाली असती. एक दिवस ट्रंकही बाहेर काढली होती. संध्याकाळी अजान होईपर्यंत तिच्यावरच बसून राहिले, मग आत ढकलली. या घरात दिवसभर कुणाशी बोलणं होत नाही, तरी खिडकीखालून जाणारे अब्रावाले ओरडतात ते ऐकू येतं. तेवढं मला पुरतं, असं मी ठरवलं आहे.

तिकीट परत करून पैसे त्या बिलात भर. रात्रपाळी सोड.

आता थोडं कामाचं. माझ्या पाटल्या अजराला, पण आत्ता नाही, ती मोठी झाल्यावर. शिवणाचं मशीन हव्वाबीला; ती नको नको म्हणेल, ऐकू नका. हर्णैच्या घरातली तांब्याची भांडी हमीदामावशीची, ती आमच्या आईची आहेत. इंग्रजी पुस्तकं शहनाझला. डॉक्टर परेरांना काही देऊ नका, त्यांना आवडणार नाही. कुणीतरी जाऊन आभार माना.

अब्बांना तू पहिल्या थंडीत घेऊन दिलेला ओव्हरकोट मी इकडे आणला होता. दुबईत त्याचं काय करायचं, असं सगळे हसले. तो तुझा. पोस्टाने पाठवायचा नाही, असं मी मामाला बजावलं आहे. तू स्वतः येऊन ने. जमलं तर मी असताना ये, आणि डॉक्टरची बॅग घरी ठेवून ये.

घाई नाही असं लिहिणार होते, पण लिहीत नाही.

तुझी,
अम्मी