पोटातल्या पाण्याचा खुलासा

३ मार्च, सकाळी ११.४०
याच मिनिटाला माझा अपमान झाला. पित्ताशय काढून अकरा दिवस झालेत. पोट फुगलंय म्हणून दाखवायला गेले, तर सर्जनमहाशय मोबाइलमधून मान वर न काढता म्हणतात, "गॅस असेल. नाहीच उतरलं तर परवा या, मावशी, सोनोग्राफी करू." मावशी! कॉन्व्हेंटच्या हेड गर्लला! पुन्हा जाते माझी बला.

४ मार्च
कंबर छत्तीस इंच. काल चौतीस होती. टेप धुण्यात आटलेली दिसते.

६ मार्च
हॉस्पिटलमधून तिसरा फोन. सोनोग्राफीला का आला नाहीत? म्हटलं, आधी लेखी माफी पाठवा. तीस वर्षं तक्रार विभागात काढली. तोंडी काही चालवून घेतलं नाही, आता का घेऊ? अर्ज लिहायला घेतला. मुद्दे सात.

८ मार्च
अडतीस. हे म्हणाले, "अगं, गाऊनची बटणं लागत नाहीत तुझी." म्हटलं, तुमच्या टकलाबद्दल मी बोलते का कधी? उद्यापासून पोट आत घेऊन ताठ बसायचं. कॉन्व्हेंटच्या सिस्टर्सनी शिकवलेलं पोश्चर विसरले, एवढंच झालंय. मुद्दे बारा.

९ मार्च
पोट आत जायला तयार नाही. चार पायऱ्यांत धाप लागली. पायऱ्या उंच बांधल्यात मेल्यांनी. लेक ओरडली, "आई, अर्ज खड्ड्यात गेला, आधी टॅक्सीत बस!" बसले नाही. तेरावा मुद्दा अर्धा राहिला होता.

१० मार्च
बसले.
सुई, नळी, बाटल्या. तीन लिटर! गढूळ, पिवळट. शी! हे घेऊन मी चारचौघांत हिंडत होते. सर्जन म्हणाला, "तीनदा फोन केला होता, मावशी." म्हटलं, लेखी नव्हता. लेकीने तोंड फिरवलं. रडत असावी.

१२ मार्च, सकाळी ९
रिपोर्ट आले. पित्त गळत नाही, इन्फेक्शन नाही, लिव्हर ठणठणीत. मग पाणी आलं कुठून? सर्जन म्हणतो, "कधी कधी कारण सापडतच नाही." हे काय उत्तर झालं? आमच्या ऑफिसात शिपायानेही दिलं नसतं.
मी द्यायचे. 'कारण आढळून येत नाही, प्रकरण बंद.' खाली माझीच सही.
अर्ज फाडला. नवा लिहिला. मुद्दा एकच: पाणी पुन्हा भरेल का? शुक्रवार, १४ मार्च, दुपारी चारच्या आत लेखी कळवावे, ही विनंती.
'विनंती' खोडलं होतं. पुन्हा लिहिलं.