मे महिन्यात मागितलेली सावली डिसेंबरात मिळाल्याबाबत

प्रति,
मा. उपअभियंता,
उद्यान व सुशोभीकरण शाखा,
सप्तपर्णी विहार, गाझियाबाद.

विषय : उद्यानावरील टेन्साइल छत उतरवून ज्येष्ठांना थंडीतले ऊन परत मिळण्याबाबत.
संदर्भ : अर्जदाराचेच दि. १४ मे रोजीचे, सावली मागणारे पत्र.

महोदय,

अर्जदाराच्या दोन्ही हिंदी अर्जांवर आपण मराठीत "बघू" असा शेरा मारल्याने धीर येऊन हा तिसरा अर्ज मातृभाषेत सादर आहे.

१. अर्जदार हे रहिवासी संघाचे सेक्रेटरी. पारा पंचेचाळीसवर असताना त्यांनी उद्यानात "तातडीने" सावली मागितली. कार्यालयाने तातडी केली. वीस डिसेंबरला चार खांब आणि पोलादी तारांवर पांढरेशुभ्र कापडी छत ताणून बसले. देखणे आहे, त्याबद्दल वाद नाही.

२. परंतु इकडचा माणूस वर्ष काढतो ते हिवाळ्यातल्या दुपारच्या उन्हासाठी. अर्जदाराचे वडील श्री. मुरलीधर, वय ८४, बावीस हिवाळे त्याच हिरवळीवर शेंगा-संत्री घेऊन बसत. आता ते आणि आणखी अकरा ज्येष्ठ समोरच्या रस्त्याच्या दुभाजकावर खुर्च्या टाकतात, कारण ऊन तिथे पडते. दोन्ही अंगांनी ट्रक जातात. अर्जदार बोलवायला गेले असता, "मे महिन्याचं डोकं घेऊन जानेवारीत फिरतोस. हट बाजूला, ऊन अडवू नकोस," एवढेच वडील बोलले. त्यालाही नऊ दिवस झाले. घरात निरोप सूनबाई अरुणा यांच्यामार्फत जातात.

३. एक तार सैल केली तर सगळ्यांचा ताण बिघडून हमी संपते, असे ठेकेदार सांगतात. थंडीच्या तक्रारीवर कार्यालयाने छताखाली दोन पंखे मंजूर केले. फाईल मे महिन्याचीच असावी.

४. पाहणीच्या दिवशी आपण छताखाली पाच मिनिटे व दुभाजकावर चाळीस मिनिटे होता. तीन संत्री खाल्लीत. अहवालात मात्र "सावली समाधानकारक" एवढेच आले. तक्रारही तीच आहे.

सबब, होळीपर्यंत छत उतरवून ठेवावे. ते न जमल्यास १४ मेचे पत्र पूर्वलक्षी प्रभावाने रद्द करून तसा शिक्क्याचा कागद वडिलांच्या नावे, दुभाजकाच्या पत्त्यावर पाठवावा. अर्जदाराने तोंडी माफी मागून पाहिली. वडिलांची सरकारी नोकरी छत्तीस वर्षे झालेली असल्याने तोंडी ते काहीच मानत नाहीत.

आपला नम्र, व वडिलांचा आज्ञाधारक,
जयंत मुरलीधर सबनीस
दि. १९ जानेवारी

सोबत : बारापैकी अकरा ज्येष्ठांच्या सह्या. अर्जदाराच्या कोणत्याही कागदावर यापुढे सही करणार नसल्याचे बाराव्यांनी अरुणा यांच्यामार्फत कळवले आहे.