खांबांच्या जागा

१४ मार्च

दादा,

इतके दिवस काही कळवलं नाही, रागावू नकोस. तुझ्या लेकीने बँकेतली नोकरी सोडून उत्खननाचा कोर्स धरला, तेव्हा "खड्डे खणायला कॉलेज कशाला?" असं तू म्हणालास. तेव्हापासून बापलेकीच्या अबोल्यात पडायला माझा धीर होत नव्हता.

आज मी तिच्या साइटवर गेले. एक पाऊल टाकलं तोच ती ओरडली, "आत्या, थांब! घरात शिरतेयस."

"कुठलं घर?" समोर उथळ खड्ड्यात नुसती माती होती.

"आणि तेही चपला घालून!" तिचा वर्गमित्र म्हणाला. सगळी पोरं हसली.

मग तिने जमिनीवर हलकेच पाणी फवारलं. ओल्या मातीत काळसर गोल डाग उमटले, आधी एका ओळीत, मग काटकोनात वळून. लाकडी खांब कधीच कुजून गेले होते, मातीत फक्त त्यांचा रंग उरला होता. पोरांना शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "आम्ही सगळे यावरून रोज चालत होतो. दिसलं ते हिला."

मी कौतुकात वाहवत तर नाही ना, असं स्वतःला दोनदा विचारलं. नाही रे. ते घर मी डोळ्यांनी पाहिलं.

बाईंनी तिला आपल्या तुकडीत नोकरी देऊ केली आहे. ती म्हणाली, "बाबांना विचारून सांगते."

हे वाचून तू म्हणशील, आत्या भाचीचीच री ओढणार. म्हणून पत्र पाठवत नाही. परवा तो खड्डा बुजवणार आहेत.

तुझी धाकटी

उद्या सकाळी: दादाला साइटवर नेणे.