कलम सात आणि मी

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ८.१०
आजपासून रोज पाचला उठणे. (आज सुरुवात, म्हणून आठ.) लॉगिन-परवानगीचं नवं मानक तयार होतंय. त्यातलं कलम सात, 'एरर रिस्पॉन्स', समितीने मला दिलं. मुदत पुढचा शुक्रवार. पसंत पडलं तर मानकात माझं नाव छापून येईल. बायकोला, भावनाला सांगितलं. ती म्हणाली, जाताना कचरा घेऊन जा.

४ नोव्हेंबर
कोराडीहून सासरे आले. रामाजी, वीज केंद्रातून रिटायर. काय करून राहिले म्हणून विचारलं. समजावलं, की एक वेबसाइट दुसरीकडे तुमचे फोटो, पत्ता मागायला जाते. फोटोंचा मालक नको म्हणाला, तर तिला काय उत्तर द्यायचं ते मी ठरवतो. म्हणाले, त्यात काय ठरवाचं गा, नाही म्हनाचं. माणूस चांगला. अभ्यास नाही.

६ नोव्हेंबर
उठलो साडेआठला. झोपेत काम चालूच होतं.
जुन्या मसुद्यात सरळ 'परवानगी नाकारली'. शोभतं का? आपल्याकडे वर्गणी मागणाऱ्यालासुद्धा कोणी तोंडावर नाही म्हणत नाही. 'पाहू ना. येत राहा.' समोरचा काय ते समजतो. हेच उत्तर मानकात घातलं. खाली 'चहा घेऊन जा' ऐच्छिक.
रितिका, माझी ज्युनिअर, म्हणाली की सर, मशीनले असं समजत नाही, साफ नाही लिहा. हुशार आहे, पण अजून लहान आहे.

९ नोव्हेंबर, रविवार
मसुदा चाचणी सर्व्हरवर टाकला. एक प्रोग्राम फोटो मागायला आला. त्याला 'येत राहा' म्हटलं. लगेच परत आला. चिकाटी आवडली.

१० नोव्हेंबर
अकरा लाख वेळा आला. सर्व्हर बसला, समितीतल्या सगळ्यांचं काम बंद. रितिकाचा फोन, की सर, तो अजून येऊनच राहिला. म्हणजे वागणूक आवडली त्याला.

१२ नोव्हेंबर
समितीचे अध्यक्ष चंद्रभानजींना मेल केला, की दोष सर्व्हरचा, कलमाचा नाही. उत्तर नाही. म्हणजे मान्य. सोसायटीच्या ग्रुपवर बातमी टाकली. एकेचाळीस अभिनंदनं. भावना म्हणाली, काहून घाई करून राहिले, आधी छापून तर येऊ द्या.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
मानक आलं. कलम सात, दोन ओळी: नकार असेल तर स्पष्ट नकार कळवावा. लेखिका रितिका.
माझंही नाव आहे. 'असे करू नये' या परिशिष्टात, एकमेव उदाहरण. जितेंद्र गोपाळराव ढोमणे, मनीषनगर, नागपूर. पिनकोडसकट.
चंद्रभानजींना फोन केला, निदान नाव तरी काढा म्हणून विनवलं. ते म्हणाले, मंजूर मानकाले पाच वर्षं हात लावता येत नाही.
फार लाज वाटली. ग्रुपवर सगळे लिंक मागून राहिले. दिवसभर खाली उतरलो नाही.