काम सोपं, मार्गदर्शक अवघड

आदरणीय विहीणबाईंना,

आदरपूर्वक (आणि निदान या पहिल्या ओळीत तरी दातओठ न खाता) नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कटकट वाजतो असं लेक सांगत होती. डॉक्टरांनी दिलेला पट्टा लावता, की तो खुर्चीच्या पाठीवरच टांगलेला आहे? व्याहीबुवांचा खोकला आणि त्या खोकल्यावरची त्यांची व्याख्यानं, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा करते. माझ्या तब्येतीची चौकशी तुम्ही केलेली नाही, तरी सांगते. रक्तदाब वाढलाय. डॉक्टरांनी कारण विचारलं तेव्हा मी तुमचं नाव घेतलं नाही. शेवटी दात आपलेच आणि ओठही आपलेच.

मुद्द्यावर येते. "तुझी आई दिवसभर पाणीपट्टीच्या कचेरीत संगणकासमोर बसते आणि घरी येऊन पुन्हा संगणकासमोरच बसते, ती नक्की करते काय?" असं तुम्ही तुमच्या सुनेला, म्हणजे माझ्या लेकीला, विचारलंत म्हणे. मला विचारलं असतंत तर मीच सांगितलं असतं. मी 'नातंगोतं' नावाचा एक प्रोग्रॅम सांभाळते. त्यात घरातल्या माणसांची नावं भरायची, कोण कुणाचं मूल आणि कुणाचं कुणाशी लग्न झालं ते सांगायचं, की तो वंशवृक्ष काढून देतो आणि कुठल्याही दोन माणसांचं नातं काय ते सांगतो. प्रोग्रॅम फुकट आहे आणि मुक्त आहे. मुक्त म्हणजे त्याचं पोट सगळ्यांसमोर उघडं; कुणीही आत डोकावावं, कुणीही दुरुस्ती सुचवावी. (या मुक्तपणाचा मला एवढा पश्चात्ताप कधी झाला नव्हता. त्याकडे येतेच.) तो मुळात दुसऱ्याच कुणीतरी, दुसऱ्याच भाषेत लिहिला होता. मी आणि माझे एक सहकारी, आम्ही तो मराठीत आणला आणि वाढवला. त्या सहकाऱ्यांना अलीकडे गुलाबांचं वेड लागलंय. आता ते फक्त कलमांबद्दल बोलतात, आणि मी एकटीच उरले आहे. डोळे दुखतात, चुका साठत जातात, लोक तक्रारी लिहितात. तेव्हा मी ठरवलं होतं, यंदा कुणी हाताशी आलं तर ठीक, नाहीतर 'नातंगोतं' बंद करायचं. हे मी कुणाला बोलले नव्हते, तुमच्या सुनेलासुद्धा नाही.

हाताशी कुणी येण्याची एकच वाट होती. एक संस्था दर उन्हाळ्यात कॉलेजातल्या मुलामुलींना सुट्टीत अशा मुक्त प्रोग्रॅमांवर काम करायला लावते. विद्यावेतन संस्था देते, शिकवायचं आपण. त्यासाठी आधी कल्पनांचं एक पान तयार करावं लागतं: विद्यार्थ्याने काय काय करावं, ते किती कठीण आहे, त्याला काय यायला हवं, मार्गदर्शक कोण. मागच्या वर्षी आम्हाला नकार आला होता, कारण काय तर आमच्या कल्पना कोरड्या होत्या म्हणे. अहो, प्रोग्रॅमच्या कल्पना ओल्या कशा असतील? तरी मी मान खाली घालून पुन्हा बसले. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून लिहिलं, रविवारी लिहिलं. जुनी माहिती नव्या साठवणीत नेताना एकही पणजोबा गळू नये, ही माझी पहिली कल्पना. मोठा वंशवृक्ष कागदावर छापताना धाकटी पाती कडेच्या बाहेर पडते ती आत आणायची, ही दुसरी. (धाकट्या पातीच्या लोकांची पत्रं येतात हो! त्यांना वाटतं थोरल्या पातीने मला फितवलंय.) जन्मतारीख ठाऊक नसलेल्या माणसाला प्रोग्रॅम आज जन्मलेला धरतो, त्यामुळे एका गृहस्थांच्या आजी त्यांच्या नातवापेक्षा लहान निघाल्या, ते बंद करायचं, ही तिसरी. एकेक कल्पना अशी घासूनपुसून लखलखीत करून मांडली होती.

आणि मग तुम्ही आलात. म्हणजे पानावर आलात.

तो दिवस मला चांगला आठवतो, कारण चूक माझीच, मीच हौसेने तुमच्याकडच्या संगणकावर प्रोग्रॅम घालून दिला. वाटलं, निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, वेळ जाईल. तुम्ही एका दुपारात दोन्ही घरांची अख्खी हजेरी भरलीत, तीही शुद्धलेखनासकट. (माझ्या मोठ्या काकांच्या नावातला ऱ्हस्व उकार तुम्ही दीर्घ केलात. ते हयात नाहीत म्हणून बरं.) मग तुम्ही सहज म्हणून तुमचं नाव आणि माझं नाव निवडलंत आणि नातं विचारलंत. प्रोग्रॅमने उत्तर दिलं: "या दोन व्यक्तींमध्ये कोणतेही नाते नाही."

आता यात माझा काय दोष, ते शांतपणे ऐका. आमचा प्रोग्रॅम माणसापासून वर चढतो, पूर्वज शोधतो आणि मग खाली उतरतो. वर जाऊन खाली आलं की काका, मामा, आत्या, चुलत, मावस, सगळे सापडतात. मधे एखादं लग्न आलं तर तेही त्याला समजतं, म्हणून सासू कळते, जाऊ कळते, साडूसुद्धा कळतो. पण माझ्यापासून तुमच्याकडे यायचं तर आधी खाली लेकीपर्यंत उतरावं लागतं, तिथून लग्नावरून पलीकडे जायचं आणि मग पुन्हा वर, जावयाच्या आईपर्यंत. खाली उतरून वर चढायला त्याला कुणी शिकवलेलंच नाही. ज्यांनी तो पहिल्यांदा लिहिला त्यांच्या भाषेत विहिणीला शब्दच नाही, तर ते कशाला शिकवतील? आणि तुम्ही म्हणाल, इतक्या वर्षांत तुमच्या कसं लक्षात आलं नाही? अहो, मला विहीण होतीच कुठे? लेकीचं लग्न होऊन दोन वर्षं झाली. त्याआधी मी काय उसनी विहीण आणून तपासायची होती?

एवढ्यावर तुम्ही फोन उचलून मला चार शब्द सुनवायचे होते. मी ऐकले असते. पण नाही! जावईबापूंनी तुम्हाला सांगितलं की ते पान कुणालाही लिहिता येतं. (जावयाला मी काय बोलणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार. पण तुम्ही त्यांच्या आई आहात, तुम्ही बोलू शकता, ही सूचना समजा.) आणि तुम्ही माझ्या तीन कल्पनांच्या खाली, मला न विचारता, चौथी कल्पना लिहून मोकळ्या झालात.

मला याचा पत्ता नाही. संस्थेची मुलाखत होती, समोरासमोर पण पडद्यावर. कचेरीतल्या मीटरदुरुस्तीच्या खोलीत बसले, कारण तिथेच जरा शांतता असते. मागच्या फळीवर उघडे केलेले पाण्याचे मीटर, आणि दाराशी चहावाल्या बाई उभ्या, कारण त्यांना वाटलं माझी चौकशी चालू आहे. पडद्यावर जाड चष्म्याचे एक गृहस्थ. मी पणजोबांच्या गळतीबद्दल बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात ते म्हणाले की तुमची चौथी कल्पना आम्हाला फार आवडली. मी म्हटलं, चौथी? तर त्यांनी मोठ्याने वाचायलाच घेतलं. "अडचण: प्रोग्रॅमच्या मते माझा आणि माझ्या सुनेच्या आईचा काही संबंध नाही. हे खरं असतं तर दोघींना बरंच सोपं गेलं असतं, पण ते खरं नाही." पुढे 'किती कठीण' या रकान्यात: "काम सोपं, मार्गदर्शक अवघड." आणि 'विद्यार्थ्याला काय यायला हवं' त्यात: "संगणक, संयम, आणि दोन बायका एकाच वेळी बोलत असताना दोघींचंही ऐकण्याची सवय." चष्मेवाले हसले, त्यांच्या शेजारच्या बाई हसल्या, चहावाल्या बाई तर दाराला धरून हसल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण पडद्यावर मस्तकच तेवढं दिसत होतं, म्हणून तेही हसरं ठेवावं लागलं. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, ही म्हण ज्याने केली त्याला विहीण काय धाडू शकते याची कल्पना नसावी.

संस्थेने आम्हाला निवडलं, फक्त एका विद्यार्थ्यासाठी. आणि मग अर्ज यायला लागले. सगळे तुमच्या कल्पनेवर! एकाने लिहिलं की माझ्या भाषेतही हा शब्द आहे आणि माझी आई या कामावर जातीने लक्ष ठेवेल. एकीने लिहिलं की मला दोन आज्यांनी मिळून वाढवलंय, त्यामुळे तिसरी अट मी जन्मापासून पूर्ण करते. माझ्या पणजोबांसाठी एक अर्ज आला, तेव्हा मी खुर्चीतून उठून कचेरीभर सांगत सुटले. दुसऱ्या दिवशी त्या मुलाचं पत्र, की क्षमा करा, चुकून वरच्या कल्पनेवर क्लिक झालं, मला विहिणीवर काम करायचंय.

शेवटी ती दोन आज्यांची नात निवडली. पोरगी हुशार आहे, हे मी नाकबूल करत नाही. पण प्रश्न काय विचारते! एकाच बाईच्या मुलीची सासू आणि मुलाची सासू, या दोघी एकमेकींच्या कोण? दोघी त्या बाईच्या विहिणी, कबूल, पण आपसात काय? मी कचेरीत विचारलं तर काम ठप्प. पावत्या फाडणारे म्हणाले कुणीच नाही, मीटरवाले म्हणाले विहीणच, आणि साहेब म्हणाले की त्या लग्नात एकमेकींच्या साड्यांकडे कशा बघतात त्यावर ते अवलंबून आहे. हे मी तिला प्रोग्रॅममध्ये कसं लिहायला सांगू?

तेव्हा विहीणबाई, माझं स्पष्ट म्हणणं ऐका. सबंध जग वाचतं असल्या पानावर मला "अवघड" म्हटलेलं आहे. मी तुमच्या मुलाची सासू आहे, माझी काही पत आहे. ते वाक्य तुम्ही खोडावं आणि त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, दिलगिरी लिहावी. याहून कमी काही चालणार नाही.

घरातल्या थोरांना नमस्कार, लेकीला माया, जावईबापूंना जे काही सांगायचं ते तुम्ही सांगालच.

तुमची (प्रोग्रॅम काहीही म्हणो)
विहीण

ता. क. ते वाक्य खोडू नका. आत्ताच कळलं, निवडलेल्या कल्पनेचा मजकूर बदलला तर विद्यार्थिनी रद्द होते. अडकले ना मी! राहू दे. दिलगिरी फोनवर चालेल.

ता. क. २. खरं तर पत्र लिहायला बसले ते वेगळ्याच कामासाठी, पण राग आधी बाहेर पडला. नियम असा आहे की प्रत्येक विद्यार्थ्याला दोन मार्गदर्शक लागतात. गुलाबवाल्यांनी हात वर केले. शुक्रवारपर्यंत दुसरं नाव दिलं नाही तर पोरगी जाते, आणि मग 'नातंगोतं' मलाच बंद करावं लागेल. मला ते बंद करायचं नाही हो. जवळचं म्हणावं असं माझ्याकडे लेकीनंतर तेवढंच आहे, आणि लेक आता तुमच्याकडे असते. म्हणून मी तुमचं नाव देऊन टाकलंय. प्रोग्रॅम लिहिता येत नसला तरी अडत नाही, तो मी शिकवीन. तुम्ही पोरीला नाती शिकवा आणि मी भलतंच काही बोलले तर मला गप्प करा, वर्ग सांभाळायची सवय तुम्हाला आहेच. संस्थेची ईमेल येईल, तिला "मान्य" एवढंच उत्तर द्यायचं. जावईबापूंकडून नको, स्वतः द्या.

ता. क. ३. पोरीचा आणखी एक प्रश्न आलाय. प्रत्येक नात्यापुढे ती माणसं एकमेकांना काय म्हणतात ते लिहायचं असतं, अहो की अगं. विहिणींपुढे मी लिहिलं, अहो. तिने विचारलं, नेहमीच? त्यावर मी तो रकाना मोकळा ठेवलाय. तो तुम्ही भरा, आणि काय भरलंत ते मला आधी कळवा. किंवा कळव.