समुद्राकडे निघालेली बरणी

९ जुलै २००१

रंग ओला आहे, म्हणून बरणी खिडकीत टांगून लिहितोय. केशरी. जावयांचे बोये, म्हणजे पाण्यावर तरंगणारे पिंप, पिवळे असतात. समुद्रात नांगरलेले, लाटा, वारा, प्रवाह मोजून उपग्रहामार्फत चेन्नईला कळवतात. जावई, दिनेशराव, त्यांची देखभाल करतात. माझा बोया बिननांगराचा. नुसता वाहत जाईल. प्रवाह कळायला तेवढं पुरे.

बरणी प्लास्टिकची, बायकोची, ललिताची, पापडांची. ती गेल्यापासून रिकामीच.

१० जुलै

तळाला वजन म्हणून खडे. तोंडाला ललिताच्या ट्रंकेतला लाल ब्लाऊजपीस, वर मेण. बाहेरून लिहिलं: वाल्मीक गांगुर्डे, नाशिक, १२-७-२००१. खाली दिनेशरावांच्या घरचा नंबर. रिपोर्ट तज्ज्ञाकडे गेलेला बरा.

समोरच्या सुलाबाई म्हणाल्या, समुद्रातच टाकायची तर मुंबईला जा, चार तासांत काम. गोदावरी पूर्वेला जाते हे समजावलं. म्हणाल्या, मग जाऊ दे तिला, सोबत सामान कशाला देता.

१२ जुलै, सकाळी ७.१०

तपोवनाच्या खाली सोडली. पाणी उत्तम. सेकंदाला एक मीटर धरलं तर बंगालचा उपसागर सतरा दिवस. वाटेत बंधारे आहेत. पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं काढली, मला ठाऊक आहेत. पावसाळ्यात दारं उघडी असतात.

लेकीला, सरिताला, पत्र टाकलं; बरणीचं लिहिलं नाही, फोन आला की कळेलच. प्रयोग यशस्वी झाला की लेक-जावई चेन्नईला बोलावतीलच. मुक्काम किमान महिना. स्वेटर नको.

२० जुलै

बरणी आंध्रात पोचली असणार. नकाशावर टाचणी लावली.

सरिता रविवारी फोन करते. मागचे पाच रविवार तिला जमलं नाही. आपण करायचा नाही. लाइन मोकळी हवी.

२९ जुलै, रविवार

सतरावा दिवस. भाजीला गेलो नाही. दुपारी सुलाबाईंना त्यांच्या घरून माझा नंबर फिरवायला सांगितला. वाजला. फोन चांगला आहे.

४ ऑगस्ट, संध्याकाळ

सरिताचा फोन. मी हॅलो म्हटलं. ती म्हणाली, नाना? तीनदा. मग रडली.

बरणी नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्यावर अडकली होती. तिथे मासे धरणाऱ्या पुंजा नावाच्या माणसाला सापडली. लाल कापड, नाव, तारीख, हलवली तर आत खडखड. त्याने एसटीडीवरून सरिताला कळवलं, ताई, वाल्मीकबाबांच्या अस्थी हायेत हितं. दाराला तटल्या व्हत्या. तुमच्या मानसांनी नीट सोडल्या नाय. म्या पुढं सोडल्या, हात जोडून. काळजी नका करू.

सरिता एकोणीस मिनिटं बोलली. जेवता का, बीपीची गोळी घेता का, गॅस बंद करता का. मागून दिनेशराव म्हणाले, नानांना सांग, आमच्या बोयांनाही लोक होड्या बांधतात. चेन्नईला येण्याचं तिने काढलं नाही. मीही काढलं नाही. ठेवताना म्हणाली, आमचा नंबर परत कशावर लिहू नका. उद्या सकाळी करते.

साठ किलोमीटर, तेवीस दिवस. वेग काढला नाही.

५ ऑगस्ट

दहापर्यंत फोनजवळ बसलो. आला नाही. मग डाळीची बरणी रिकामी केली, धुतली. केशरी रंग उरला होता. नाव, तारीख. नंबर तोच.