पाच पेले

मॉरिशस

प्रिय निशा,

तुझी, आईची आणि आपल्या मृणालीची खूप आठवण येते. आईचा गुडघा कसा हाय? आपल्या गावात, अंजूरला, गोडाऊनचे ट्रक आता दारावरूनच जातात म्हणे. मृणालीला एकटीला रस्ता ओलांडू देऊ नको.

मी बरा हाय. खोलीतून समुद्र दिसतो, दोन्ही वेळा भात मिळतो.

एक गोष्ट मात्र तुझ्यापासून लपवली. या हॉटेलात बेटावरची रम घालूनच स्वयंपाक होतो. कोळंबीच्या रश्शात रम, भाजलेल्या अननसावर रम. मोठे शेफ सकाळी पाच तऱ्हेच्या रमचे पाच पेले मांडतात. कुठली कशात घालायची ते आम्ही स्वयंपाक्यांनी चाखून सांगायचं आणि थुंकून टाकायचं. चार महिने मी थुंकलो. मृणालीच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली दारू सोडायची शपथ रोज आठवायचो.

गेल्या आठवड्यातल्या मंगळवारी व्हॅनिलाची काळी रम जिभेवर आली आणि मी गिळली. मग उरलेले चारही पेले प्यायलो. त्या दिवशी माझ्या हातून कोळंबी करपली.

दुसऱ्या दिवशी शेफला माझं जुनं व्यसन सांगितलं. ते म्हणाले, "पहिल्याच दिवशी का नाही बोललास?"

आता मी मागच्या खोलीत मासे साफ करतो. कढई हातातून गेली, पण तिथे बाटली नसते. त्यानंतर नऊ दिवस घेतलेली न्हाय. दहाव्याचं मला सांगता येत न्हाय.

हे फोनवर बोललो न्हाय. तू विचारलं असतंस, "प्यायलास का?" आणि मी पूर्वीसारखंच "न्हाय गं" म्हणालो असतो.

तुझा,
प्रितेश